आदर्शाचं बिल कुणाच्या नावावर?

प्रश्न असा आहे: "मी ३६ वर्षांचा, वसईचा कॅथलिक. पप्पा चर्चच्या कामात आणि गावच्या आंदोलनांत कायम पुढे असायचे. दोन वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. मग ३० गुंठे वाडीचा विषय निघाला. ताईने हक्कसोडपत्रावर सही केली आणि मी ती गप्प बसून घेतली. ज्या पुढाऱ्याला आम्ही घरात नावं ठेवतो त्याच्याच पैशातून यंदा गावच्या सणाचा मंडप उभा राहिला, आणि वर्गणीचं पुस्तक माझ्याकडे होतं. कुटुंब आणि राजकारण यांबद्दल ख्रिस्ती म्हणून जे शिकलो ते नुसतं बोलायचंच असतं का? आदर्श थोडे खाली आणले तर निदान ढोंग तरी कमी होईल?"

वयाने तू माझ्या मुलासारखा, म्हणून अरे-तुरे करते. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातल्या २२ वर्षांचे शनिवार-रविवार धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, विवाहपूर्व शिबिरात गेले, आणि त्याच शिबिरातून लग्नं लावून दिलेली काही जोडपी पुढे भांडत माझ्याच ओट्यावर आली. 'आदर्श' हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी उच्चारला की मी एवढंच बघते, याचं बिल कोण भरतंय.

आधी तुझ्या वाडीचा हिशोब करू. आपल्याला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगा-मुलगी भेद न करता मुलांत सारखं. तुमच्या घरी आई, तू आणि ताई. म्हणजे प्रत्येकी १० गुंठे, इतका सोपा भागाकार क्वचितच येतो. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ मध्ये. बापामागे मुलीला मुलाइतकं, हे आपल्या कायद्यात कितीतरी आधीपासून लिहिलेलं आहे. शिबिरात हे सांगितलं की मुलगे माना डोलावतात आणि मुली खाली बघतात, कारण कागदावर काय आहे आणि माहेरी काय होतं हे त्यांना माहीत असतं. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती बायकांना तर हा कायदा लागूच नाही असं धरलं जायचं. त्यासाठी मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, निकाल १९८६चा. वाद मुळात सख्ख्या भावाशी होता हे लोक विसरतात.

मीही सही केलेली आहे. १९९४ साल. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ स्कूटरवरून निबंधक कार्यालयात घेऊन गेला. बाकावर आमच्यासारख्या आणखी दोन बहिणी बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "बाई, स्वखुशीने ना?" मी हो म्हटलं. अंगठ्याची शाई पदराला लागू नये म्हणून भावाने खिशातला रुमाल काढून दिला. घरी आल्यावर त्याने साडीचोळी दिली. आमसुली रंग, जरीचा काठ. माझ्या वाट्याला बारा गुंठे येत होते, म्हणून मी तिला बारा गुंठ्यांची साडी म्हणते. अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

कुणी जुलूम केला नाही. भाऊ प्रेमळ आहे, आजही नाताळला कुसवार, म्हणजे सणाचा फराळ, घेऊन येतो. मीच स्वतःला समजावलं होतं की जमिनीपायी माहेर तुटायला नको, ख्रिस्ती घर एकदिलाने राहिलं पाहिजे. आदर्श खराच होता. पण त्या एकदिलाची पूर्ण किंमत एकाच माणसाकडून वसूल झाली, आणि ते माणूस मी होते. ताईने सही करताना तुला काय सांगितलं ते तू लिहिलेलं नाहीस. "तुझ्याशी वाईट नको" असंच काहीतरी म्हणाली असेल. आणखी एक विचारते, आईचे १० गुंठे आता कुणाच्या नावावर आहेत? या हिशोबात आईला सगळेच विसरतात.

आपल्या बहुतेक घरांत पवित्र कुटुंबाची तसबीर असते. योसेफ करवत धरून, मरिया सूत काततेय, बाळ येशू मधोमध, सगळे स्वच्छ. नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो तेव्हा त्याच तसबिरीवर प्रवचन होतं आणि बाकावर बसलेल्या निम्म्या बायका मनात घरचा आदला दिवस आठवत असतात. शुभवर्तमानातलं कुटुंब मात्र तसबिरीसारखं नाही. बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळालेलं आहे. बारा वर्षांचा पोरगा तीन दिवस सापडत नाही, आणि सापडल्यावर आई त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेते. पुढे हाच मुलगा गर्दीत शिकवू लागतो तेव्हा त्याच्या घरचेच त्याला वेड लागलंय म्हणून धरून न्यायला येतात. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने हे लपवलेलं नाही. मत्तयने येशूची वंशावळ दिली तीत सासऱ्यापासून मुलं झालेली तामार आहे, वेश्या राहाब आहे, परक्या देशातली रूथ आहे आणि दावीद राजाने बळकावलेली उरीयाची बायको आहे. सोयरीक जुळवताना अशी वंशावळ आपल्याकडे कुणी मध्यस्थाला दाखवली असती का? तेव्हा वास्तव दिसलं म्हणून आदर्श खोटा ठरत नाही. आपण आदर्श म्हणून तसबीर टांगली, ही आपली चूक.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर जे विस्तृत पत्र लिहिलं त्यात याची कबुली आहे. आपण लग्नाचं जे चित्र लोकांपुढे ठेवलं ते फार अमूर्त, जवळजवळ कृत्रिम होतं, खऱ्या घरांच्या परिस्थितीपासून लांब, असा त्याचा आशय. ते वाचून मी शिबिरातला माझा पहिला तास बदलला. पण त्याआधी जे झालं ते झालं.

पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एक बाई माझ्याकडे आली, लग्नाला चार वर्षं झालेली, नवरा पिऊन मारायचा. मी तिचं सगळं ऐकलं, चहा दिला आणि काय सांगितलं? क्रूस उचल, प्रार्थना कर, तो सुधारेल, घर मोडू नकोस. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. रागावली नव्हती. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले." ते प्लास्टर माझ्या आदर्शाचं बिल होतं, आणि भरलं तिने. त्यानंतर मी कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, नीट वाचला. एकत्र राहणं जीवाला किंवा मनाला गंभीर धोक्याचं असेल तर वेगळं राहण्याचं न्याय्य कारण त्यात स्पष्ट दिलेलं आहे. विवाह अविभाज्य आहे याचा अर्थ मार खात त्याच खोलीत झोपावं असा चर्चनेही कधी केलेला नाही. तो आपण केला.

मुलकी कायदाही काही कमी नव्हता. १८६९चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती नवऱ्याला म्हणायचा, बायकोचा व्यभिचार सिद्ध कर, पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असं दुहेरी सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ती दुहेरी अट मोडली आणि संसदेने २००१ मध्ये कायदाच बदलला. परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोयही तेव्हा आली. एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण दर महिन्याला कुणीतरी यात अडकतं. कोर्ट आणि चर्च ही दोन वेगळी दारं आहेत. धर्मप्रांताच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला तरी सरकारदरबारी तुम्ही विवाहितच राहता, आणि कोर्टाचा घटस्फोट हातात असला तरी चर्चमध्ये दुसरं लग्न लागत नाही. २०१५च्या बदलानंतर चर्चच्या प्रक्रियेत दुसऱ्या न्यायासनाच्या दुजोऱ्याची सक्ती राहिली नाही, त्यामुळे ती थोडी हलकी झाली आहे.

नारायण वामन टिळकांची भजनं मी शाळेतल्या प्रार्थनेत मुलांकडून म्हणवून घेतली आहेत. मोठा माणूस, त्याच्या भक्तीबद्दल शंकाच नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली ताटातूट, नातेवाइकांचे शब्द, आणि नंतर घरातलं होतं-नव्हतं कुणाला तरी देऊन टाकणाऱ्या नवऱ्याचा संसार, हे सगळं कोणी ओढलं ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. मला त्या हसण्याचं कौतुक आहे. पण आमच्या वाचनमंडळात टिळकांच्या त्यागावर तासभर बोलतात आणि रिकाम्या डब्यांपुढे उभं कोण होतं ते कुणी काढत नाही, तेव्हा मला चीड येते.

आता राजकारण. पप्पा आंदोलनात होते म्हणतोस, म्हणजे बहुधा हरित वसई, वाड्या आणि पाणी वाचवायचं आंदोलन. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी केली तेव्हा मीही मोर्चात चालले आहे, चपला हातात घेऊन, कारण पाऊस होता. धमक्या येत होत्या आणि फादर मागे हटत नव्हते. विहिरी खाऱ्या होतील, बावखलं, म्हणजे आपली गोड्या पाण्याची तळी, बुजतील, वाड्या जातील, हे ते सांगत होते. झालंही तसंच. माझ्या माहेरच्या वाटेवर दोन बावखलं होती. एका ठिकाणी आता पार्किंग आहे, दुसरं कुठे होतं ते मलाही दाखवता येत नाही.

पण त्या मोर्चात ओरडणाऱ्यांत आमच्यासारखे नोकरदार बरेच होते. शाळा, बँक, रेल्वे, महिन्याचा पगार. आमची वाडी हिरवी राहिली काय, पिवळी पडली काय, चूल पेटत होती. ज्यांचं पोट केळी, पानवेल आणि मोगऱ्यावर होतं, ज्यांच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली दादरला नेत होत्या, त्यांना आम्ही सांगत होतो की विकू नका. त्यांची मुलगी लग्नाची, विहिरीला मचूळ पाणी, मजूर मिळत नाही, आणि दारात बिल्डर रोख रक्कम घेऊन उभा. एका शेतकऱ्याने मला तोंडावर विचारलं होतं, "टीचर, हिरवं तुम्हाला बघायला पाहिजे ना, मग पाणी कोण देणार?" मला उत्तर देता आलं नाही. आंदोलन चूक नव्हतं, फादर चूक नव्हते. पण शेतकऱ्याच्या मालाला भाव, गोडं पाणी, सहकारी विक्री यांसाठी आम्ही नोकरदारांनी तेवढ्या जोराने मोर्चे काढले नाहीत. मग विकणाऱ्याला गद्दार म्हणायचा हक्क आम्हाला कुठून आला? २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं वगळण्याच्या लढ्यातही हेच पाहिलं. घोषणेच्या वेळी सगळे एकत्र, आणि घरी गेल्यावर सातबारा ज्याचा त्याचा.

देशाच्या पातळीवरही हाच प्रश्न विचारून बघ. मे १९४९ मध्ये संविधान सभेत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचं ठरलं. जागा नकोत असं ठामपणे म्हणणाऱ्यांत संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते, बंगालचे ख्रिस्ती. आम्हाला वेगळी जागा नको, शेजाऱ्याच्या भरवशावर राहू, एवढी मोठी गोष्ट त्या वेळी बोलली गेली. मला तिचा अभिमान वाटतो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये, दलित ख्रिस्ती अजून बाहेर. या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत, एकीतून दुसरी निघाली असं मी म्हणत नाही. पण भरवशाचं भाषण ज्यांनी केलं ते बहुतेक शिकलेले, स्थिरावलेले ख्रिस्ती होते. बाहेर राहिले ते गावकुसाबाहेरचे. आमच्या शाळेत नगरकडचे एक शिक्षक होते. चर्चमध्ये एक नाव, जातीच्या दाखल्यावर दुसरं. एकदा डबा खाताना म्हणाले, "बाई, येशूने मला नवीन नाव दिलं, पण पोराच्या फीसाठी जुनंच लागतं." अशा दाखल्याला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संविधानाशी केलेली लबाडी म्हटलं. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. मला मात्र त्या सरांना लबाड म्हणवत नाही. 'ख्रिस्तात जात नाही' हे वाक्य व्यासपीठावरून म्हणायला आपल्याला दमडी लागत नाही, आणि त्यांना त्यापायी मुलाची शिष्यवृत्ती सोडावी लागते.

स्वतःचं बिल स्वतः भरणारेही असतात. येशूसंघीय (जेझुइट) फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींसाठी उभे राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये ८३व्या वर्षी त्यांना अटक झाली. पार्किन्सनमुळे पेला धरता येत नव्हता म्हणून त्यांना स्ट्रॉ मागावी लागली. ५ जुलै २०२१ला जामिनाची वाट बघत मुंबईत गेले. आमच्याकडे मेणबत्त्या लावल्या, आणि त्याच संध्याकाळी मागच्या बाकावर कुजबुज ऐकली, "फादरने असल्या भानगडीत पडायचं कशाला?" बोलणारा रोज मिस्सेला येणारा माणूस. मी त्याला नावं ठेवत नाही, कारण त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याच विषयावरून भांडण पेटलं तेव्हा मी फुलांचा फोटो टाकून विषय बदलला होता. बारा शिष्यांत रोमन सरकारसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि रोमन सरकार उलथायला निघालेल्यांतला म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. दोघं एका पानावर जेवत होते. जेवताना काय बोलत असतील हे कुठेच लिहून ठेवलेलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. निवडणुकीच्या दिवसांत किती उपयोग झाला असता.

तुझा मंडप. पुढाऱ्याचे पैसे घेणं हे वसईत नवीन नाही, आणि त्यावर आकाश कोसळल्यासारखं करण्याची गरज नाही. पण वर्गणीचं पुस्तक तुझ्याकडे होतं म्हणतोस, म्हणजे कुणी किती दिले हे तुला ठाऊक आहे. चर्चच्या फलकावर प्रत्येक नाव आणि प्रत्येक रक्कम लाव, त्या पुढाऱ्याचीसुद्धा. शंभर रुपये देणाऱ्या म्हातारीचं नाव त्याच्या नावाशेजारी दिसू दे. पुढच्या वर्षी समितीत विचार, की मंडप लहान केला तर तो पैसा न घेता सण होतो का. होतो. आमच्या लहानपणी माडाच्या झावळ्यांखाली व्हायचा. मंडप लहान झाला तर कुरकुर तुझ्या नावाने होईल, तेवढी सोस.

आदर्श खाली आणू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. खाली आणलेल्या आदर्शाचा फायदा ज्याच्याकडे वाडी आहे त्यालाच होतो. जक्कय आठवतो ना, यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला? येशू त्याच्याकडे जेवायला गेला आणि त्याला प्रवचन दिल्याचं लूकने लिहिलेलं नाही. जक्कयच उठून आकडे बोलला: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. मी पुढे सुधारेन, असं मोघम तो म्हणाला नाही. शिबिरात मुलांना विचारते की जक्कयच्या बायकोला काय वाटलं असेल. मुली लगेच हसतात.

तुझ्या बायकोला काय वाटेल हे आधी तिला विचार, ताईकडे जाण्यापूर्वी. तिचंही घर आहे ते, तिच्या मागे परस्पर दानशूर होऊ नकोस. मग आईला विचार. मग वकील गाठ. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नुसतं फाडून चालत नाही, १० गुंठे परत तिच्या नावावर करायला नवा दस्त लागेल आणि शेतजमिनीला काही अटी आहेत, तो नीट सांगेल. जमीन देणं शक्यच नसेल तर आजच्या भावाने तिच्या हिश्शाची रक्कम ठरव, हप्त्याने दे, पण आकडा कागदावर असू दे. ती "नको रे, राहू दे" म्हणेल. मीही म्हटलं असतं. एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल. तू बसून राहा, चहा होऊ दे, आणि तिसऱ्यांदा विचार.

जाशील तेव्हा सातबाऱ्याचा उतारा घेऊन जा. साडी नेऊ नकोस.